मेलेल्या लिफ्टची मुंज

तोचिदाइरा, देवळामागची खोली
मंगळवार, सकाळचा पहिला चहा

ती. तोकुजीदाजींच्या पायांशी धाकटा मेहुणा दोजुन याचा दंडवत. (कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या मेजाच्या रजईत, कमरेपर्यंत शिरून बसलो असल्यामुळे तो जेमतेम मानेपर्यंतच झाला आहे, बाकीचा आपण समजून घ्यावा.)

इथे देवळाच्या छपरावर पहिला बर्फ येऊन बसला आहे. अजून त्याने पथारी पसरलेली नाही. निघायचं की राहायचं हे न ठरवलेल्या पाहुण्यासारखा कडेला टेकला आहे. तिकडे चिबाला थंडी कितपत आहे? आपल्या गुडघ्याची चौकशी करतो. रक्तदाबाची करत नाही, कारण तो आपण कुणाला मोजू देत नाही असं आपली लेक मानामी कळवते. कानांची तर मुळीच करत नाही. तिच्याच पत्रात आहे की आपण त्या इमारतीच्या उद्वाहनात रोज चढता, दाराला कान लावून उभे राहता आणि तिसऱ्या मजल्यापाशी नापसंतीने मान हलवता. गेल्या महिन्यात एका सकाळी आपण त्यात पाऊल ठेवायचं नाकारलंत आणि सात मजले पायी उतरलात. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा जरा सरकला. संध्याकाळी ते यंत्र तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकलं आणि त्यात तेच शेजारी होते. एवढ्यावरून आपली प्रकृती उत्तम आहे, असं मी धरून चालतो.

सुरुवातीलाच एक खुलासा. हे पत्र आपण चालवायचात ती डोंगरावरची खुर्च्यांची स्की-लिफ्ट पुन्हा सुरू करण्याबद्दल नाही. त्या विषयावर सरपंच कुरातांनी आपल्याला दोन पत्रं पाठवली, तीनदा फोन केले, आणि तिसऱ्या फोनला आपण "श्राद्ध झालंय" एवढं बोलून फोन ठेवलात, हे मला ठाऊक आहे. कुराता त्याच दुपारी तावातावाने देवळात आले. "अहो महाराज, तुमचे दाजी फोन ठेवतात की आपटतात?" मी म्हटलं, ठेवतात. त्यांची ती रीतच आहे. एकतीस वर्षं माझी बहीण इकुएताई रोज सकाळी पहिल्या खुर्चीत बसून वर जायची, तिथल्या उपाहारगृहाचं कुलूप काढायची आणि खालच्या स्टेशनातल्या फोनवर सांगायची, "पोचले." दाजी काही न बोलता फोन ठेवायचे. ठेवला म्हणजे सगळं ठीक. बोलले, तर काहीतरी बिनसलंय. ("एक शब्द बोलले तर दोर तुटेल का गं यांचा?" असं इकुएताई माझ्या बायकोला विचारायची. एकदाच बोललात, आठवतं? "तिथेच थांब, वारा चढतोय." आणि अर्ध्या तासात असं वादळ आलं की तिला वर दोन दिवस करी-भात खाऊन काढावे लागले.) कुरातांना हे पटलं नाही. त्यांच्याशी आपण तीन शब्दही बोलला नाहीत याचा त्यांना राग आहे. दोन बोललात, म्हणजे गोष्ट किती बिनसली आहे, हे त्यांना कुठून कळणार?

तर मी फक्त गावची खबर देतो. आता गावात त्या लिफ्टशिवाय दुसरी खबरच नाही, याला माझा इलाज नाही.

आधी मला माझी चूक कबूल केली पाहिजे. सहा वर्षांपूर्वी मार्चात शेवटच्या दिवशी, शेवटची फेरी झाल्यावर, आपण चावी काढलीत आणि तेलाच्या डागांच्या त्याच कोटात देवळात आलात. म्हणालात, "हिचं काय ते करून टाका." ताई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी मागच्याच आठवड्यात झाले होते, म्हणून मला वाटलं, काही राहून गेलं. तर आपण हात केलात डोंगराकडे. मी सुयांची श्राद्धं केली आहेत, बाहुल्यांची केली आहेत, झिजलेल्या कुंचल्यांची दरवर्षी करतो, एकदा दंतवैद्यांच्या आग्रहाखातर एकशे चाळीस कवळ्यांचंही केलं आहे. मग दोन नंबरच्या लिफ्टने काय घोडं मारलंय, असा मी विचार केला. आपण फक्त एक अट घातलीत: "पुन्हा कुणी तिला हात लावणार नाही असं करा." आणि मी ते मनापासून केलं, दाजी. इथेच चुकलो. अशी कामं पुरोहिताने थोडी कमी मनापासून करावीत. आपण मुख्य शोककर्ते म्हणून पुढे बसलात, सगळ्या गावाने खालच्या स्टेशनात उदबत्ती लावली आणि मी लिफ्टला मरणोत्तर नाव दिलं. आपल्या लिपीत ते आठच अक्षरांचं आहे, पण संस्कृतात उलगडलं की 'मेघारोहणनिरत नित्यगतागत लोहचित्त उपासक' असं होतं. पुण्यात दोन वर्षं राहून मी जे संस्कृत शिकलो, त्याचा गावाला झालेला तोपर्यंतचा सर्वांत मोठा उपयोग तो. (एरवी थडग्यामागच्या फळीवर मी जी बीजाक्षरं लिहितो त्यांना तानेआजी "मुंग्यांची वरात" म्हणतात.)

यंदाच्या मार्चात सातव्या वर्षाचं श्राद्ध आलं (गेल्याचं वर्षही आपण मोजण्यात धरतो). अकरा जण जमले. मंत्र झाले, उदबत्त्या झाल्या, आणि रीतीप्रमाणे दोन शब्द बोलायला कुराता उठले. सुरुवात "दिवंगत लिफ्टने एकेचाळीस वर्षं या गावाची सेवा केली" अशी योग्य झाली. शेवट मात्र "तीच येत्या हिवाळ्यापासून पुन्हा सुरू करावी असा पंचायतीचा विचार आहे" असा झाला. माझ्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. तीस वर्षांच्या व्यवसायात, श्राद्धाच्या पंगतीत मृताला कामावर हजर होण्याची नोटीस दिलेली मी प्रथमच पाहिली.

त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही, हे मी सांगायला नको. घाटापलीकडचं मोठं स्की-मैदान आता आपल्यासारख्यांचं राहिलं नाही. तिथे नूडल्सचं नाव पाच भाषांत लिहिलेलं असतं आणि ते खाणारा गावातला एकही नसतो. आपल्या शाळेची मुलं स्की शिकायला चाळीस मिनिटं बसने जातात. बर्फात जन्मलेल्या मुलांना बर्फ पाहायला बसने न्यायचं. म्हणून ठरलं ते एवढंच: दोन नंबरची लिफ्ट, तीही शनिवार-रविवार, आणि चालवायची गावकऱ्यांनी. (एक नंबरची पार गंजली आणि तीन नंबरच्या वरच्या स्टेशनावर सध्या एका अस्वलाचा कब्जा आहे. त्याच्याशी बोलणी करायला कुणी तयार नाही.) डिसेंबरच्या सभेत मत पडायचं आहे. त्याआधी तपासणी अधिकाऱ्याने हो म्हणायला हवं. नाही म्हटलं तर खांब कापून भंगारात जातील, पुन्हा विषय निघणार नाही.

पण पहिला विरोध आला तो अधिकाऱ्याकडून नाही. तानेआजी (एकोणनव्वद पूर्ण, दात स्वतःचे) काठी आपटून उभ्या राहिल्या. "मेलेल्याच्या मांडीवर मी बसायची नाही. आणि पणतीलाही बसू देणार नाही."

कुराता म्हणाले, "आजी, लोखंडाचं यंत्र आहे ते!"

"मग उदबत्ती कुणाला लावायला लावलीत? दहा मिनिटं गुडघे टेकून बसले होते मी त्या गारठ्यात. यंत्राला?"

आणि दाजी, सगळं गाव माझ्याकडे वळलं. तेव्हा मला कळलं की मनापासून केलेलं श्राद्ध परत घेता येत नाही. आपण तर मला सांगूनच ठेवलं होतंत.

मी आधी शास्त्राचा आधार घेतला, म्हणजे सोप्या भाषेत, वेळ मारून न्यायला गेलो. म्हटलं, आपल्या पंथात सर्व अक्षरांच्या मुळाशी 'अ' आहे, आणि 'अ'चा अर्थ अनुत्पन्न. जे मुळात जन्मलंच नाही ते मरेल कसं? दोघातिघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलं. मग मागून न्हाव्याचा आवाज आला, "मग महाराज, माझ्या बापाच्या तेराव्या वर्षाला परवा येताय ना, की तोही जन्मलाच नव्हता?" मी 'अ' आवरता घेतला.

मग मला पुण्याची आठवण झाली. तिथल्या आमच्या गुरुजींनी एकदा एक विधी शिकवला होता. एखादा माणूस परदेशी हरवला, घरच्यांनी मेला समजून त्याची सगळी उत्तरक्रिया उरकली, आणि बारा वर्षांनी तो दारात उभा राहिला, तर काय करायचं? धर्मशास्त्र त्याला घरात घेत नाही, पण हाकलतही नाही. त्याला तुपाच्या कुंडात न्हाऊ घालायचं, म्हणजे तो नव्याने गर्भात शिरला. मग जातकर्म, नामकरण, मुंज सगळं क्रमाने पुन्हा, आणि लग्न झालेलं असेल तर त्याच बायकोशी पुन्हा लग्न. (त्या बायकोचं मत कुठल्याही ग्रंथात नोंदलेलं नाही, हे गुरुजींनी तेव्हाच सांगितलं होतं.) मी भीत भीत हे सभेपुढे मांडलं. गाव एकदम खूश झालं, कारण यात कामं होती, आणि आपल्या गावाचा देवापेक्षा कामावर जास्त विश्वास आहे.

तुपाऐवजी ग्रीस, यावर दुमत झालं नाही. तुमच्या हाताखाली तयार झालेल्या मिनेकोने उन्हाळाभर चौदाच्या चौदा खांबांवर चढून एकेक कप्पी न्हाऊ घातली. ती आता बावन्न वर्षांची आहे, पण खांबावरून उतरली की अजून तशीच उभी राहते, तुम्ही ओरडणार म्हणून मान थोडी खाली घालून. ओरडायला कुणी नसतं, तेव्हा ती स्वतःच पुटपुटते, "हातमोजे कुठे ठेवलेस, मूर्खा," आणि परत वर चढते. नामकरण सोपं होतं. लोहचित्त उपासक पुन्हा 'दोन नंबर' झाले. मुंजीला खरी शोभा आली. पोलादी दोर सहा वर्षांत सैलावला होता, तो कापून त्याची टोकं पुन्हा एकमेकांत विणायची होती. त्यासाठी सहा कारागीर आले आणि दोन दिवस चिखलात वीस मीटर लांबीचा जोड विणत बसले. मी शेजारी बसून मंत्र म्हणत होतो. (कारागिरांना वाटलं, हा भिक्षू आपल्या जिवासाठी प्रार्थना करतोय, म्हणजे धोका बराच असावा. त्यामुळे काम फार नेटकं झालं.) शेवटी मी त्यांच्या म्होरक्याला विचारलं, जोड नेमका कुठे आहे? त्याने दोरावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता मलाही सापडायचा नाही. सापडला तर तो बरोबर झालाच नाही." मुंज झाल्यावर तानेआजींनी पहिल्या खुर्चीवर काठीने टकटक केलं आणि म्हणाल्या, "जिवंत वाटतेय."

राहिलं लग्न. ते मी गाळलं. शास्त्राप्रमाणे जोडीदार तोच हवा, आणि या लिफ्टच्या बाबतीत ते पद कुणाकडे होतं हे अख्ख्या गावाला माहीत आहे. इकुएताई म्हणायचीच, "माझी सवत डोंगरावर उभी आहे. चौदा पायांची." ती चिडून म्हणायची असं लोकांना वाटे. मला नाही वाटत. मी त्या लिफ्टवर शेकडो वेळा बसलो आहे, दाजी. खुर्ची मागून येते आणि गुडघ्यांमागे अशी आपटते की सगळी श्रद्धा डगमगते. गावातल्या प्रत्येकाच्या पोटऱ्यांवर तिने एकदा तरी निळा डाग दिला आहे. ताईच्या पायांवर एकही नव्हता. एकतीस वर्षं रोज सकाळी, पहिल्या खुर्चीला, आपण दोन हातांनी पाठ धरून ती थोपवायचात, ताई बसेपर्यंत. माझ्यासाठी कधी थोपवली नाहीत. (तक्रार नाही. निरीक्षण आहे.)

आता मुख्य फजिती. गेल्या गुरुवारी भाराची चाचणी होती. वर जाणाऱ्या बेचाळीस खुर्च्यांवर माणसांच्या वजनाइतका भार ठेवून लिफ्ट चालवून दाखवायची असते. त्यासाठी पाण्याच्या टाक्या भाड्याने मिळतात, पण त्या घाटापलीकडच्यांनी महिनाभर अडकवून ठेवल्या होत्या. कुरातांना एक युक्ती सुचली, आणि ती सुचली तेव्हा ते उपाशी नव्हते एवढंच मी म्हणेन. एकशे वीस घरं, घरटी लोणच्याच्या पिंपांवर ठेवायचे तीन-चार दगड. "वजन म्हणजे वजन!" अधिकारी भला माणूस, त्याने प्रत्येक दगड काट्यावर तोलून घेतला. चारशे अकरा दगड कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरून खुर्च्यांवर बांधले. प्रत्येकावर घराचं नाव रंगवलेलं, काही दगड पणजीच्या वेळचे. कुरातांनी सगळ्या बायकांना शब्द दिला होता: दोन तासांत परत. नोझावाना ही लोणच्याची पालेभाजी खुडून, धुऊन, मिठात घालायचा तो ऐन आठवडा होता हे ते विसरले. बायका विसरल्या नव्हत्या, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

लिफ्ट सुरू झाली. मोटर गुणगुणली, दोर ताणला, आणि बेचाळीस खुर्च्या गावातल्या सगळ्या दगडांना घेऊन धुक्यात चढू लागल्या. न्हाव्याने टोपी काढली. आणि मग पाचव्या खांबावर तो आवाज आला.

मिनेकोने लाल बटण दाबलं.

तिला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "पाचवरचे दोन आवाज आहेत. तोकुजींनी शिकवलंय. एक 'म्हातारीचा खोकला'. कप्प्यांचं रबर गारठलं की येतो. त्याने काही होत नाही. दुसरा 'उचकी'. तो आला की बेअरिंग जायला आलंय." मग हा कोणता? ती खाली पाहत म्हणाली, "आवाज आला की ते हात वर करायचे. आम्ही सगळे थांबायचो. मग ते म्हणायचे 'ठीक', नाहीतर 'थांबव'. 'ठीक' मी हजार वेळा ऐकलं. 'थांबव' दोनदा. मी आवाज शिकलेच नाही हो महाराज. मी त्यांचा हात बघत राहिले."

अधिकाऱ्याने सांगितलं, कारण कळेपर्यंत हलवायची नाही. त्याचं उपकरण लावलं तर त्याची सुई बरोबर मधोमध उभी राहते, पंचायतीत मत देताना न्हावी राहतो तशी. खांबाचं डोकं उघडून पाहावं, तर ते भाग बनवणारा कारखानाच आता नाही. उघडलं की पुन्हा जुळवेपर्यंत हिवाळा गेला आणि सभेतलं मतही गेलं. त्यामुळे गुरुवारपासून गावचे चारशे अकरा दगड आभाळात लटकले आहेत. खाली एकशे वीस घरांत नोझावाना मिठाच्या पाण्यावर वर तरंगून येते आहे. माझ्या बायकोने माझे धर्मग्रंथांचे सोळा खंड प्लास्टिकात गुंडाळून पिंपावर ठेवले आहेत. ज्ञानाला वजन असतं हे लग्नानंतर सव्वीस वर्षांनी तिला पटलं. कुराता प्रायश्चित्त म्हणून स्वतःच्या बायकोच्या पिंपावर बसून पंचायतीचे कागद वाचतात, आणि कुणी भेटायला गेलं तर त्यालाही शेजारच्या पिंपावर बसवतात. काल रात्रीच्या बर्फाने प्रत्येक दगडाला पांढरी टोपी घातली. देवळाच्या पायऱ्यांवरून पाहिलं की वाटतं, गावचे सगळे पूर्वज रांगेने वर निघालेत आणि मधेच कुणाला तरी काही आठवलं म्हणून थांबलेत.

अधिकाऱ्याने शुक्रवारी एक फेरी मंजूर केली आहे. फक्त एक, राखीव इंजिनावर, अगदी हळू, दगड खाली आणण्यापुरती. त्या फेरीत पाचव्या खांबावर जे कळेल ते कळेल, आणि तो हो किंवा नाही लिहून निघून जाईल.

दाजी, मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे की गेलेल्याला जाऊ द्या. हे सांगायला सोपं आहे, कारण सांगणारा संध्याकाळी आपल्या घरी जेवायला जातो. आपण म्हणालात तसं मी केलं आणि सहा वर्षं वाटत राहिलं की मी आपलं एक दुःख नीट गुंडाळून, नाव घालून, फडताळात ठेवून दिलं. या उन्हाळ्यात त्या जोड विणणाऱ्यांशेजारी चिखलात बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा शंका आली. श्राद्ध हे टोक कापून गाठ मारणं आहे की टोकं एकमेकांत विणणं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. स्वतःलाही नाही. आपण रागावला असाल, तर ते योग्य आहे. अटीचा भंग झाला आहे, हात लागला आहे, आणि तो लावणाऱ्यांत मी आहे.

असो. मानामीला आशीर्वाद. गुडघ्याला जपावं. उद्वाहनाचं बेअरिंग बदललं का, तेवढं कळवावं.

आपला,
दोजुन

ता. क. यंदा आमच्याकडून लोणचं येईलच असं नाही. बायकोचा सर्वांत मोठा दगड सदतीसाव्या खुर्चीवर, तेराव्या खांबाशी आहे. ग्रंथांच्या वजनाने नोझावाना दबते, पण तिला जुन्या कागदाचा वास लागतो, अशी तक्रार आहे.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलं की हे पत्र त्या विषयावर नाही. ते खोटं आहे, आणि तुम्हाला ते पहिल्या ओळीलाच कळलं असणार. तरी मी तुम्हाला परत या म्हणत नाही, पत्राचं उत्तरही मागत नाही. मागणं एवढंच. हे पत्र तुम्हाला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी सकाळी बरोबर दहा वाजता मी पाचव्या खांबाखाली फोन धरून उभा असेन. (खालच्या स्टेशनात मोबाइल लागत नाही, पाचव्या खांबाशी लागतो. याला मी दैवी संकेत म्हणत नाही, पण मनाईही करत नाही.) अधिकारी म्हणाला, अहवालात असलं काही लिहिता येणार नाही, मात्र दहा वाजता तो पाच पावलांवर चहा प्यायला उभा असेल आणि त्याला ऐकू चांगलं येतं. फोनमधून आवाज किडका येतो हे मान्य. पण तुम्ही ताईच्या "पोचले" या एका शब्दावरून वर वारा किती आहे ते ओळखायचात. म्हणून घंटी वाजली की उचला, दाजी. तेवढंच. उचलून ऐका. मिनेको माझ्या शेजारी असेल. तिने हातमोजे घातले आहेत, हे तिने मला तुम्हाला कळवायला सांगितलं आहे.

ता. क. तिसरा. हे कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या मार्चात देवळाच्या मृतांच्या वहीत मी लिफ्टचं नाव लिहायला बसलो. शाई घोटली, कुंचला उचलला. पानावर शेवटचं नाव ताईचं होतं, तिची शाई अजून नवी दिसत होती. तिच्याखाली तिची सवत शाईने लिहायला हात धजेना. मी पेन्सिलीने लिहिलं. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने पाहता लिफ्ट कधी पुरती मेलीच नव्हती, आणि तुपाचं स्नान, नामकरण, मुंज, सगळी खटपट एका पेन्सिलीच्या ओळीसाठी होती. तुमची अट मी तेव्हाच मोडली होती.

शुक्रवारी तुम्ही बोललात, तर मी समजेन की उचकी आहे. मिनेको थांबवील, अधिकारी नाही लिहील, आणि मी घरी येऊन ती ओळ शाईने गिरवीन, या खेपेला खरोखरची. कुणाचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण जर तो खोकलाच असेल, तर कृपा करून एक अक्षरही बोलू नका. चौकशी नको, उपदेश नको, "बरं" सुद्धा नको. तुम्ही ताईचा फोन ठेवायचात ना, तसाच माझाही ठेवा.